खण, मेढ आणि चूल : जव्हार-मोखाड्यातील घराच्या आखणीचा इतिहास

जव्हार संस्थानाच्या उत्पत्तीची एक आख्यायिका १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी जव्हारची भूमी एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होती. मुकणे येथे मातीची लहानशी गढी असलेल्या एका कोळी नायकाने त्याच्यापाशी बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. मागणी मान्य होताच त्याने त्या कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्या एकमेकींस जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात आलेली सारी जमीन आपली म्हणून घेतली. कार्थेजची स्थापना करणाऱ्या डायडो राणीविषयी हीच कथा सांगतात. तेव्हा तिच्या ऐतिहासिकतेचा आग्रह कोणी धरू नये. मुकणे घराण्यातील निमशहास दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हे पद मिळाले आणि ५ जून १३४३ ह्या दिवसापासून संस्थानात स्वतंत्र शक सुरू झाला, एवढे मात्र संस्थानी कागदपत्रांच्या कालगणनेवरून दिसते.

आख्यायिकेचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. तिच्यात जागेची आखणी बाहेरून आत होते. आधी सीमा ठरते, मग त्या सीमेच्या आत काय बसवावयाचे ते ठरते. राज्य स्थापणाऱ्याची ही दृष्टी आहे, आणि कागदावर नकाशा काढून घर बांधणाऱ्याचीही हीच असते. जव्हार गावाबाहेरील टेकडीवरचा विसाव्या शतकातील जयविलास राजवाडा पाश्चात्य धाटणीचा आणि दगडी आहे. तोही एका कुटुंबाच्या निवासासाठीच बांधला गेला; परंतु त्याचा आकार आधी ठरला आणि कुटुंब त्यात मागाहून राहावयास गेले. त्याच टेकड्यांच्या उतारावर वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी ह्यांची जी घरे पिढ्यान् पिढ्या उभी राहिली त्यांची आखणी नेमकी उलट दिशेने होत आली. तिचा कागद कोठल्याही दप्तरात सापडावयाचा नाही, कारण तो कधी तयारच झाला नाही. तिची साधने भाषेत आहेत.

त्यांपैकी पहिला शब्द खण. दोन तुळयांमधील अथवा दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, हा अर्थ मराठीत सर्वत्र रूढ आहे. मोल्स्वर्थच्या कोशातही तो आहे. पेटीचा कप्पा आणि चोळीचे कापड हे त्याच शब्दाचे अन्य अर्थ. पेशवाईतील पुण्याच्या वाड्यांची मोजदाद खणांतच होत असे. तीन खणांचे घर, पाच खणांची ओसरी असे म्हणताना बोलणारा लांबी-रुंदी सांगत नाही, तो रचना सांगतो. खण म्हणजे लाकडाची जेवढी ताकद तेवढे अंतर. जेथे लांब आणि सरळ तुळई मिळते तेथे खण मोठा, आणि जेथे वेडीवाकडी लाकडे वापरावी लागतात तेथे लहान. साहजिकच दोन गावांतील तीन खणी घरे सारखी असतीलच असे नाही. हा दोष समजण्याचे कारण नाही. माप म्हणून खण अनिश्चित असेल, पण वाढीचे एकक म्हणून तो अचूक आहे. घरात माणसे वाढली की आणखी दोन खांब रोवून, आढे पुढे सरकवून, एक खण जोडता येतो. जुन्या घरास धक्का लागत नाही.

खण ज्याच्यावर उभा राहतो तो खांब म्हणजे मेढ. ह्या शब्दाचा मागोवा संस्कृतातील मेथि किंवा मेढि ह्या शब्दापर्यंत जातो, आणि तेथे त्याचा अर्थ घराचा खांब असा नाही. मळणीच्या वेळी ज्याच्याभोवती बैल फिरवितात तो खळ्याच्या मध्यावरील खांब म्हणजे मेथि. मराठीत त्यासच तिवडा म्हणतात. प्रमाण मराठीत मेढ शब्द आता प्रायः मुहूर्तमेढ ह्या समासातच उरला आहे. लग्नमंडपाचा पहिला खांब रोवणे हा त्याचा मूळ अर्थ. संस्थेची, चळवळीची, नाटकमंडळीची मुहूर्तमेढ हे पुढचे लाक्षणिक प्रयोग. खळे, लग्न आणि घर ह्या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आधी मध्यातला खांब रोवला जातो आणि जागा त्याच्याभोवती आकार घेते. बैलाच्या कातड्याची कथा जिथून सुरू होते तेथे ही आखणी संपते, असे म्हणावयास हरकत नाही.

मेढी, आढे आणि वासे उभे राहिले की भिंतीचा प्रश्न येतो. जव्हार-मोखाड्याच्या घराची भिंत भार वाहत नाही. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या बांधून केलेला कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप एवढीच तिची सामग्री. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. फुलल्यावर बी टाकून ती झुडपे वाळतात. म्हणजे ज्या वनस्पतीची भिंत तिचे आयुष्यच एका ठराविक आवर्तनाने बांधलेले. पावसाने कूड खराब झाला तर नवा घालावयाचा आणि खांब तसेच ठेवावयाचे. भिंतीवर काही अवलंबून नसल्यामुळे ती हलविता येते. आतले विभागही हव्या त्या जागी आडोसा घालून पाडता येतात. घराच्या ह्या स्वरूपास शासकीय भाषेत कच्चे म्हणतात. पाककृतीच्या भाषेतून आलेला हा शब्द घरास लावताना त्यात जो निकालाचा सूर उमटतो तो लक्षात घेण्याजोगा आहे : जणू हे घर अद्याप तयार झालेले नाही. खरे पाहता दरवर्षी डागडुजी मागणारे घर आणि अपुरे राहिलेले घर ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तथापि कुडाच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की पावसाळ्यात गळणारे छप्पर, धुराने भरलेली अंधारी खोली आणि सरपटणारे प्राणी ह्यांचा अनुभव त्या घरात राहणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

आत शिरल्यावर दाराजवळचा ओटा, गुरांची जागा, चूल, धान्याची कणगी आणि वरचा माळा एवढ्या पाच गोष्टींची मांडणी म्हणजे घराचा नकाशा. देशावरच्या वाड्याशी तुलना केली असता भेद स्पष्ट होतो. वाड्याचे केंद्र चौक. त्याच्या चारी अंगांस सोपे, मधल्या भागात माजघर (ह्या शब्दातील माज म्हणजे संस्कृत मध्य, प्राकृत मज्झ), आणि कुटुंब वाढले की मागे दुसरा चौक. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली आणि वास्तुशांत १७३२ साली झाली; पण त्यानंतरही पेशव्यांच्या पिढ्यांबरोबर तो वाढतच राहिला. चौकाच्या ह्या घरात मोठ्या कुटुंबाची उतरंड दिसते : कोणी कोठवर यावयाचे, हे ओसरी, माजघर, देवघर ह्या क्रमाने ठरलेले असते. वारली घरात चौक नाही. परंतु चौक हा शब्द मात्र आहे. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी जो चौकोन रेखाटतात आणि ज्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, त्यास लग्नाचा चौक म्हणतात. संस्कृत चतुष्कापासून आलेला एकच शब्द एका समाजात उघडे अंगण झाला आणि दुसऱ्यात भिंतीवरील रेखाकृती. वारली घराचा एकमेव रेखाटलेला नकाशा हाच, आणि तो काढणाऱ्या स्त्रियाच आहेत. १९७० नंतर ही चित्रे कागदावर उतरून जगभर गेली तेव्हा चौकाबाहेरचे नर्तक आणि शेतीची दृश्ये अधिक प्रसिद्ध झाली. चौक मागे पडला.

राजकीय इतिहासात जव्हार आणि मोखाडा ह्यांची वाट दीर्घ काळ वेगळी होती. जव्हार १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत संस्थान होते; मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याची पेटा होता. पुढे दोन्ही ठाणे जिल्ह्याचे तालुके झाले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. घराच्या मांडणीत ही सीमा दिसत नाही. सामग्रीच्या हक्कात मात्र राजवटीचा हात पोचतो. मेढीचे लाकूड रानातून यावयाचे, आणि १८७८ च्या वनकायद्याने ब्रिटिश मुलखातील रान सरकारच्या नियंत्रणाखाली आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेचा असंतोष एवढा वाढला की त्याच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्या वादाकडे सामान्यतः राब, जळण आणि चराई ह्यांचा वाद म्हणून पाहिले जाते. घराच्या दृष्टीने पाहता तो खणाचाही वाद होता. साग तोडण्यास मनाई म्हणजे लांब तुळईस मनाई. ज्या कुटुंबास आणखी एक खण हवा असेल त्याने तो कोणत्या लाकडावर उभा करावयाचा, ह्याचे उत्तर आता गावातील जाणत्याकडे नव्हे, वनखात्याकडे होते.

ह्या घरात राहणारे कुटुंब मोजण्यासाठी मराठीने तिसरा शब्द योजिला आहे : चूल. वेगळी चूल मांडणे म्हणजे विभक्त होणे. भिंत वेगळी असण्याशी त्याचा संबंध नाही. एका छपराखाली दोन चुली असू शकतात आणि दोन छपरांखालची माणसे एका चुलीवर जेवू शकतात. गाव मोजावयाचे असेल तर मात्र उंबरे मोजतात, शंभर उंबऱ्यांचे गाव असे म्हणतात. (उंबरा हा उदुंबरापासून आलेला शब्द, संस्कृतातच उदुंबर शब्दास दाराचा उंबरठा हा अर्थ आहे.) खण घराचा, चूल कुटुंबाची, उंबरा गावाचा, ही तीन मापे एकमेकांत मिसळत नसत. वारली समाजात भावी जावई मुलीच्या घरी राहून राबण्याची रीत आहे. असा जावई घरात आला की उंबरा तोच राहतो, चूल तीच राहते, हात वाढतात आणि कधी खण वाढतो.

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारली बोलीची नोंद मराठीच्या अंतर्गत आली आहे. त्या सर्वेक्षणात बोलीचा नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट ठरविलेली होती. वाटणी मागून घराबाहेर पडलेला धाकटा, त्याला पुन्हा घरात घेणारा बाप आणि रागाने उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला थोरला अशी ती कथा. भारतातल्या शेकडो बोली कुटुंबाच्या फुटीच्या गोष्टीवर तपासल्या गेल्या, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. परंतु त्या कथेत मेढ, आढे, कूड, कणगी येण्यास वाव नव्हता.

अलीकडच्या काळात घराची आखणी करणारा नवा कर्ता आला तो शासन. इंदिरा आवास योजना १९८५-८६ पासून सुरू झाली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटर होते. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली आणि हे क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर झाले. महाराष्ट्राच्या शबरी आदिवासी घरकुल योजनेतील २६९ चौरस फूट हा आकडा म्हणजे तेच २५ मीटर. योजनेच्या आरंभी साहाय्याची रक्कम सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये होती. नियमांत ठेकेदार वर्ज्य आहे. लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे अशी अपेक्षा आहे. कागदावर पाहता आपल्या घराची आखणी आपण करण्याचा अधिकार ह्यात अबाधित राहतो. पण २५ हा आकडा किमान म्हणून लिहिलेला असला तरी ठरलेल्या रकमेत तोच कमाल होऊन बसतो. आणि नियम स्वयंपाकाच्या जागेचा उल्लेख करतात. गुरांचा आणि कणगीचा नाही.

अधिक खोल परिणाम मोजणीचा आहे. लाभार्थी निवडण्यासाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीचा आधार घेतला गेला. जनगणनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे, अर्थात् चूल. व्याख्या मराठी बोलण्याशी जुळते हे खरे. परंतु पूर्वी चूल फक्त कुटुंब मोजत होती, ती आता खण देऊ लागली. तीन विवाहित भाऊ एका चुलीवर जेवत असतील तर त्यांना एक घरकुल. चुली वेगळ्या नोंदविल्या तर कदाचित् तीन. एकत्र राहणे ही ह्या हिशेबात तोट्याची गोष्ट ठरते. रेशनपत्रिका वेगळी काढणे हे विभक्त होण्याचे पहिले पाऊल ठरावे आणि स्वयंपाक मात्र एकत्रच चालू राहावा, अशी विसंगती त्यातून जन्मते. तिला लबाडी म्हणणे सोपे आहे. भाषेच्या अभ्यासकास तीत एवढेच दिसेल की एका शब्दावर दोन कामे लादली गेली आहेत.

भात निघून दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. पक्क्या घराची वीट पाडणारे हात हेच. परतल्यावर घरकुलाच्या मागच्या भिंतीस लागून चार मेढी रोवल्या जातात, कारवीचा कूड उभा राहतो, त्यावर शेणमाती चढते; कणगी तेथे जाते, गुरे तेथे बांधली जातात आणि पुष्कळदा चूलही तेथेच मांडली जाते. शासनाच्या नोंदीत ह्या जागेचे क्षेत्रफळ धरलेले नसते. घरातील माणसे तिला पडवी म्हणतात.