‘स्ट्राइक’ : एका शब्दाची हकीकत



इंग्रजी भाषेतील अवजड शब्दांना आपण उगाच भितो. अवजड शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो; कोश उघडला की काम भागते. खरी फजिती करतात ते लहानसहान, रोजच्या राबत्यातील शब्द. ‘स्ट्राइक’ हा त्यांपैकी एक. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. इंग्रजीचा परिचय झाला तो युनियनच्या कचेरीत, नोटिसा आणि करारनामे वाचता वाचता. त्यामुळे या शब्दाशी आमची ओळख पंडिताची नसून शेजाऱ्याची आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

या शब्दाचा संसार केवढा पाहा! घड्याळ बारा ठोके देते, ते स्ट्राइक. आगकाडी ओढावयाची, वीज कोसळावयाची, टाकसाळीत नाणे पाडावयाचे, जमीन खोदता खोदता तेल लागावयाचे, तंबू उतरवावयाचा, छाटून लावलेल्या फांदीने मूळ धरावयाचे, मनात एकाएकी कल्पना यावयाची, या सर्वांना इंग्रज माणूस एकाच शब्दावर भागवतो. कॅरमचा स्ट्रायकर तर आपल्या घराघरांत आहे. क्रिकेटमध्ये जो फलंदाज ‘स्ट्राइक’वर असतो तोच चेंडूला तोंड देत असतो, म्हणजे खरे काम त्याचेच चालू असते, आणि कारखान्यात जो स्ट्राइकवर असतो त्याने काम थांबविलेले असते! अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तर मारलेला टोला हुकला तरी ‘स्ट्राइक’च मोजतात. एका शब्दाने एवढी परस्परविरुद्ध ओझी वाहावी, हे कसे झाले?

जुन्या इंग्रजीत या धातूचा मूळ अर्थ हळुवार होता: हात फिरविणे, घासणे, चालत जाणे. ‘स्ट्रोक’ हा त्याचाच भाऊ. धान्याचे माप भरल्यावर वरची शीग पट्टी फिरवून सपाट करीत, त्यालाही हाच शब्द होता. कुरवाळण्यापासून प्रहारापर्यंतचा हा प्रवास काही शतकांचा आहे. परंतु आमच्या कामाचा अर्थ त्याला लाभला तो जमिनीवर नव्हे, पाण्यावर.

दर्यावर्दी लोकांत शीड किंवा निशाण खाली उतरविणे याला ‘स्ट्राइक’ म्हणत. लढाईत जहाजाने निशाण उतरविले म्हणजे ते शरण आले. १७६८ साली लंडनमध्ये धान्य महाग झाले होते आणि खलाशांच्या मजुरीचे भांडण पेटले होते. मे महिन्यात खलाशांचे जथे थेम्स नदीत जहाजाजहाजांवर चढले आणि त्यांनी वरची शिडे उतरवून टाकली. मजुरी वाढल्याखेरीज एकही जहाज हलणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. काम बंद ठेवण्याला स्ट्राइक म्हणण्याचा प्रघात या शिडांवरून पडला, असे कोशकार मानतात. गंमत अशी की, ज्या शब्दाने शरणागती सांगितली जात होती, त्याच शब्दाने प्रतिकार सांगितला जाऊ लागला. कृती तीच, खाली उतरविण्याची. फरक एवढाच की, ती कोणाच्या इच्छेने झाली.

हे सत्ताधाऱ्यांना लवकर उमगले. १७९९ आणि १८०० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदे करून मजुरीवाढीसाठी कामगारांनी संगनमत करणे हाच गुन्हा ठरविला. ते कायदे १८२४ साली रद्द झाले. एकट्याने काम सोडले तर धन्याचे फारसे बिघडत नाही, तो दुसरा माणूस लावतो. भीती होती ती सर्वांनी एकाच वेळी, एकमेकांस विचारून काम सोडण्याची.

पुढे मालकवर्गानेही हाच शब्द हाताशी धरला. मागे एका कारखान्यात काम बंद असता दारावर इंग्रजी नोटीस लागली. अमुक तारखेस हजर न झाल्यास नावे हजेरीपटावरून काढून टाकू, असा तिचा आशय. आणि काढून टाकण्यासाठी शब्द होता ‘स्ट्राइक ऑफ’. आम्ही ती मोठ्याने वाचून दाखविली. तेव्हा एक वयस्क कामगार म्हणाला, “भाऊ, आपण स्ट्राइक केला ते ठाऊक हाय. पण हा सायेब कशापायी स्ट्राइक करतोय?” सगळे हसले. पण प्रश्न अचूक होता. कामगार स्ट्राइक करतो तेव्हा यंत्र थांबते. मालक स्ट्राइक करतो तेव्हा चूल थांबते. आणि अखेरीस समझोता झाला की त्यालाही इंग्रज ‘स्ट्राइक अ बार्गेन’ म्हणतो! भांडण, शिक्षा आणि तडजोड, तिन्ही एकाच शब्दाच्या पोटात.

इतर भाषांनी याच गोष्टीकडे निरनिराळ्या खिडक्यांतून पाहिले आहे. फ्रेंचांचा शब्द ‘ग्रेव्ह’. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी या नावाचा चौक होता; काम शोधणारे मजूर तेथे उभे राहत. म्हणजे तो शब्द आपल्या मजूर-नाक्यावरून आला म्हणा ना! आपल्याकडचा हरताळ हा हाट आणि ताळे मिळून झाला; तो मुळात बाजारपेठेचा शब्द. दुसरा हरताळ म्हणजे पिवळा रंग. पोथीतील चुकलेले अक्षर त्याने झाकीत, म्हणून ‘हरताळ फासणे’. इंग्रजही अक्षर खोडण्याला ‘स्ट्राइक’च म्हणतो. ध्वनीचा योगायोग खरा, पण बोलका.

आणि आपला ‘संप’? या शब्दात ना मारणे आहे, ना थांबणे. संप म्हणजे ऐक्य, एकोपा. गुजरातीत आजही संप म्हणजे सलोखाच. काम बंद ठेवण्याला ते हडताळ म्हणतात. इंग्रजी शब्द काय खाली आले ते सांगतो. मराठी शब्द कोण एकत्र उभे राहिले ते सांगतो. आमच्या मते आपल्या भाषेने येथे नेमके मर्मावर बोट ठेवले आहे.

या मर्माचा पडताळा आपल्याच इतिहासात मिळतो. १८७७ साली नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मजुरीवरून संप झाला, तेव्हा देशात कामगार संघटना नावाला नव्हती. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ चा गिरणी संप सुमारे सहा महिने टिकला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते; तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो संपला तो माणसे गावी पांगून आणि गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहून. शीड उतरविणे एका दिवसाचे काम. एकमेकांना धरून राहणे महिन्यामहिन्यांचे. चुलीत लाकूड नसताना ते किती कठीण असते, हे गिरणगावाने पाहिले आहे.

कायद्यालाही हे मान्य आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत, माणसांच्या समूहाने एकत्रितपणे काम थांबविणे म्हणजे स्ट्राइक. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही त्यात घातली. एकाची ती गैरहजेरी, अनेकांचा तो संप.

आज कारखान्याच्या दारातून आत जाणाऱ्यांत कंत्राटी कामगार पुष्कळ असतात. त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतातच, तेव्हा ती खोडण्याचे कष्टही मालकाला पडत नाहीत. शेजारच्या यंत्रावरचा माणूस दुसऱ्या ठेकेदाराचा, परवा तो बदललेला. त्याचे नाव विचारण्यापूर्वीच पाळी संपते. अशा माणसांना इंग्रजी शब्द शिकविणे सोपे आहे. तो ते टीव्हीवर क्रिकेट पाहून शिकलेलेच असतात. मराठी शब्द शिकविणे अवघड. त्याची सुरुवात घोषणेपासून होत नाही, शेजाऱ्याचे नाव विचारण्यापासून होते.