मंगलकार्य आणि छायाचित्रकार

विवाह ठरला कीं आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत जी यादी होते तींत भटजी, आचारी, वाजंत्री व कार्यालय यांच्या शेजारीं हल्लीं छायाचित्रकाराचें नांव येतें. आणि पुष्कळदां त्याचा खर्च भटजींच्या दक्षिणेच्या कैक पट असतो. भटजी व आचारी यांची पारख करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. छायाचित्रकार मात्र या मंडळींत नवा. हा गृहस्थ मांडवांत आला कसा, आणि येतांना त्यानें काय काय बदललें, हें इतिहासांत पाहिल्यास आजच्या निवडीस कांहीं आधार मिळेल, असें आम्हांस वाटतें.

छायाचित्राची कला पॅरिस येथें १९ ऑगस्ट १८३९ रोजीं जगास खुली झाली. पुढें सहा महिन्यांच्या आंतच, १० फेब्रुवारी १८४० रोजीं, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा विवाह झाला. परंतु त्या समारंभाचें एकहि छायाचित्र नाहीं. १८५४ सालीं रॉजर फेंटन यानें काढलेलीं राणीचीं व प्रिन्स आल्बर्टचीं चित्रें लग्नाचीं म्हणून दाखविलीं जातात. वस्तुतः त्यांतील पोशाख दरबारी आहे, आणि लग्नास तेव्हां चौदा वर्षें लोटलीं होतीं. राजकन्येच्या विवाहदिनीं, २५ जानेवारी १८५८ रोजीं, आईबापांसह वधूचें चित्र घेतलें गेलें, तें मात्र खरोखरच त्या दिवसाचें आहे. त्यांत राणीचा चेहरा पुसट आला आहे, कारण ती हालली. यंत्रास निश्चलता हवी होती, आणि लेक परक्या घरीं जावयाच्या दिवशीं आईस निश्चल राहतां येईना. चित्र म्हणून तो दोष खरा. पण त्या दिवसाचें वर्तमान त्या दोषांतच अधिक उतरलें आहे.

मुंबईस ही विद्या लौकर पोंचली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनीं निघाल्या. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंत निष्णात होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तेथें शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा स्टुडिओ चालविला. त्या काळीं कांच ओल्या रसायनानें माखून ती सुकण्यापूर्वींच चित्र घेऊन धुवावें लागे, आणि बसणाऱ्यास कांहीं सेकंद श्वास रोखून राहावें लागे. मान हलूं नये म्हणून पाठीमागें लोखंडी टेका लावीत. अशा यंत्रानें अंतरपाट दूर होण्याचा क्षण टिपणें अशक्यच होतें. म्हणून यंत्र लग्नास येत नसे, वधूवरच यंत्रापुढें जात. जुन्या चित्रांतील जोडपीं इतकीं गंभीर कां, याचें उत्तर त्यांच्या स्वभावापेक्षां त्या कांचेंत अधिक आहे.

त्या कांचेस आणखी एक खोड होती. तिला निळा रंग दिसे, पण पिवळा व तांबडा दिसत नसे. निळें वस्त्र पांढुरकें उतरे. कुंकू, हळद व तांबडा शालू काळे पडत. म्हणजे आमच्या वधूच्या अंगावर जें जें सौभाग्याचें, तें तें चित्रांत नेमकें काळवंडे! फोगेल यानें १८७३ सालीं रसायनांत रंग मिसळून ही उणीव कमी करण्याचा मार्ग दाखविला. सर्व रंग जाणणाऱ्या कांचा १९०६ च्या सुमारास विकत मिळूं लागल्या. यंत्र निःपक्षपाती असतें ही समजूत किती अपुरी आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

यंत्रापाठीमागील मनुष्याचा प्रश्न याहूनहि नाजूक होता. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं जनाना स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंच्या हातीं सोंपविला. पडद्यांतील स्त्रियांस परपुरुषासमोर बसणें शक्य नव्हतें, हें त्या चतुर कलावंतानें ओळखलें होतें. ज्याच्यासमोर मनुष्यास संकोच वाटत नाहीं, त्याच्याच हातून त्याचें खरें चित्र उतरतें, हा धडा त्यांत आहे. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनीं वृत्तपत्रांसाठीं कॅमेरा हातीं घेतला. आज स्त्री-छायाचित्रकार दुर्मिळ नाहींत. वधूपक्षाच्या खोलींत कोणास प्रवेश द्यावा, हा विचार करणाऱ्या घरांस ही मोठीच सोय झाली आहे.

दरम्यान एकेक बंधन तुटत गेलें. कोरड्या कांचांची कल्पना १८७१ सालची; पुढें कांहीं वर्षांनीं त्या तयार मिळूं लागल्या. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची झगझगीत पूड निघाली. प्रकाश मिळाला, पण धूरहि पदरीं आला. १९२५ सालीं लायका हा लहानसा कॅमेरा बाजारांत आला आणि १९३० च्या सुमारास धुराविना लखलखणारे दिवे निघाले. तेव्हां कोठें यंत्र खऱ्या अर्थानें मांडवांत शिरलें. पूर्वीं माणसें यंत्रासाठीं स्तब्ध होत. आतां यंत्र माणसांमागें धांवूं शकतें. असें असूनहि आजच्या मांडवांत कधीं कधीं उलटेंच दिसतें. माळ पुन्हा घालावयास सांगतात, सप्तपदी मध्येंच थांबते, आणि आजीबाईंचे डोळे दिपून जातात. यंत्राची गुलामी सुटली, आणि यंत्रवाल्याची पदरीं आली!

हा इतिहास पाहतां निवडीचें तत्त्व स्पष्ट होतें. पूर्वीं ज्याच्यापाशीं यंत्र तोच छायाचित्रकार. आज उत्तम यंत्र कोणासहि विकत मिळतें. म्हणून पारख यंत्राची नव्हे, नजरेची व वर्तनाची करावयाची. दाखविण्यासाठीं निवडलेलीं दहावीस चित्रें सर्वांचींच सुंदर असतात. एका संपूर्ण लग्नाचीं चित्रें पाहावयास मागावीं. त्यांत गोरज मुहूर्ताच्या अंधुक उजेडांतील चेहरे कसे आले आहेत, पंगतींत वाढणारीं माणसें दिसतात कीं नाहींत, वधूची आई कोठें आहे, हें पाहावें. कानपिळणी केव्हां, सूनमुख केव्हां, हें त्यास ठाऊक आहे काय, हें विचारावें. ज्यास विधि ठाऊक तो क्षणाची वाट पाहतो, ज्यास ठाऊक नाहीं तो क्षण पुन्हा घडवूं पाहतो. लग्नाआधीं घरीं बोलावून वडील मंडळींशीं त्याचें बोलणें कसें आहे, हेंहि पारखावें.

व्यवहाराचें एक कलम मात्र विसरूं नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढविणाऱ्याचा असतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीं तो नीट वाचावा, आणि आपल्या मुलीचीं चित्रें जाहिरातींत जावींत कीं नाहीं, हें आधींच लिहून घ्यावें.

लग्नाचें चित्र पाहुण्यांसाठीं नसतें, वधूवरांसाठींहि तितकेंसें नसतें. त्यांना तो दिवस आठवतच असतो. पन्नास वर्षांनीं जीं मुलें तें हातीं घेतील त्यांस पणजीचा शालू किती मोलाचा होता, हें जाणावयाचें नसतें; ती कशी हसे, कोणाचा हात धरी, हें पाहावयाचें असतें. तें ज्याच्या नजरेस पडेल आणि पडलें तरी जो मध्यें येणार नाहीं, तो छायाचित्रकार आपल्या घरास साजेल असें समजावें.