काम एकदा, कमाई पुन्हा पुन्हा: हॉलिवूडच्या कलाकारांच्या युनियनची गोष्ट

आजचा भाग माझ्याच एका मूर्खपणापासून सुरू करतो. मागच्या वर्षी ऑफिसमध्ये एका डेमोसाठी माझा आवाज रेकॉर्ड केला. दोन तासांचं काम. आधी एक फॉर्म आला, मी न वाचता सही ठोकली. नंतर वाचला, तेव्हा कळलं की माझा आवाज कितीही वर्षं, कशासाठीही वापरायची परवानगी मी देऊन बसलोय. आता मी कधीच न बोललेली वाक्यं माझ्याच आवाजात ऐकू येतात. तक्रार कुणाकडे करणार?

मग मी शोधायला लागलो, की चेहरा आणि आवाज हेच ज्यांचं पोट आहे, त्यांनी काय केलं? तिथे सापडली अमेरिकेतली स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड.

1930च्या आसपास हॉलिवूडमध्ये स्टुडिओंचं राज्य होतं. नट वर्षानुवर्षांच्या करारात बांधलेले आणि कामाच्या तासांना काही धरबंधच नाही. 1931च्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी बोरिस कार्लॉफ यांनी तो जड मेकअप चढवून एकदा सलग 25 तास काम केलं. आणि गंमत बघा, आपण जिला ऑस्करमुळे ओळखतो ती अकॅडमी 1927मध्ये निघाली तेव्हा तिचा एक हेतूच असा होता, की स्टुडिओतले वाद युनियनशिवाय घरातल्या घरात मिटावेत.

मार्च 1933. महामंदीचा काळ. बँका बंद पडल्या आणि स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी बहुतेकांचे पगार निम्म्यावर आणले. त्याच वर्षी जूनमध्ये काही नटांनी गिल्डची नोंदणी केली. कार्लॉफ त्यातलेच एक. पण बडे स्टार लांबच राहिले. त्यांना कशाची गरज?

गरज लवकरच पडली. कलाकार मिळवण्यासाठी एकमेकांपेक्षा जास्त बोली लावायची नाही, असं निर्मात्यांनी आपसात ठरवलं. आयटीवाल्यांना हे लगेच कळेल: तू माझी माणसं पळवू नकोस, मी तुझी पळवत नाही. आता झळ स्टारच्या खिशाला बसली. तेव्हा एका बैठकीत विनोदी नट एडी कँटर यांनी आग्रह धरला, की लढायचं तर सगळ्यांसाठी, फक्त नावाजलेल्यांसाठी नाही. ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तीन आठवड्यांत ऐंशीच्या आसपास असलेले सभासद चार हजारांवर गेले.

तरी स्टुडिओंनी दाद दिली नाही. मे 1937मध्ये सभासदांनी संपाच्या बाजूने जवळपास एकमताने कौल दिला, तेव्हा कुठे करार झाला. त्यात किमान मानधन आणि कामाच्या अटी आल्या. स्टारला किमान मानधनाशी काय घेणं? पण तो स्टार संपावर जायला तयार होता, म्हणून एका दिवसाच्या कामावर येणाऱ्या नटाला ते मिळालं.

मग आला टीव्ही. जुने चित्रपट घरोघरी दिसू लागले. स्टुडिओ पुन्हा पुन्हा कमावणार, आणि नटाला मानधन एकदाच? 1960मध्ये यावरून संप झाला. तेव्हा गिल्डचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. हो, तेच, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले! 1960पासूनच्या चित्रपटांसाठी 'रेसिड्युअल' मिळालं, म्हणजे चित्रपट टीव्हीवर दाखवला की कलाकारालाही पैसे. आधीच्या चित्रपटांवरचा हक्क मात्र सोडावा लागला. त्या बदल्यात पेन्शन आणि आरोग्य योजनेसाठी एकरकमी निधी आला. ज्यांचं सगळं काम आधीचं होतं, त्यातले काही जण हे कधीच विसरले नाहीत.

युनियन नेहमीच शूर होती असंही नाही. कम्युनिस्टांच्या नावाने धरपकड चालू होती तेव्हा गिल्डने आपल्याच माणसांची पाठराखण केली नाही. उलट 1953मध्ये नव्या सभासदांकडून 'मी कम्युनिस्ट नाही' अशी शपथ घ्यायला सुरुवात केली. तो नियम पूर्णपणे जायला 1974 उजाडलं.

2012मध्ये गिल्ड आणि रेडिओ-टीव्ही कलाकारांची संघटना एकत्र येऊन सॅग-आफ्ट्रा झाली. आणि 2023मध्ये पुन्हा संप, तब्बल 118 दिवस. मुद्दे दोन: स्ट्रीमिंगमधला वाटा आणि एआय. युनियनचं म्हणणं होतं, की गर्दीतल्या कलाकाराला एका दिवसाचे पैसे देऊन त्याचं स्कॅन कायमचं वापरायचा स्टुडिओंचा प्रस्ताव आहे. स्टुडिओंनी हे नाकारलं. पण लक्षात घ्या, युनियनचा आरोग्य विमा मिळायला वर्षाला साधारण 26 हजार डॉलरची कमाई लागायची आणि बहुतेक सभासद तिथपर्यंत पोहोचतच नव्हते. भीती त्यांची होती. आणि फलक घेऊन त्यांच्याबरोबर स्टारही रस्त्यावर उभे होते.

शेवटी करारात आलं, की डिजिटल प्रतिकृती बनवायची तर कलाकाराची संमती हवी, वापर कशासाठी ते सांगायला हवं आणि मोबदलाही द्यायला हवा. सगळे खूश नव्हते. मतदानात 78 टक्के लोकांनी होकार दिला.

संमती, वापर, मोबदला. मी माझा फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. संमतीची जागा होती, बाकी दोन्ही नव्हत्या. कार्लॉफच्या करारातही तासांची मर्यादा आपोआप आली नव्हती. पुढच्या वेळी असा फॉर्म आला तर मी तो एकटा वाचणार नाही. आधी टीमच्या ग्रुपवर टाकणार. त्यात आमची सगळ्यात सीनियर, जिला कंपनी सहजासहजी सोडणार नाही, तिलाही विचारणार: तू आमच्यासोबत आहेस ना?

तुमच्याकडे असा एखादा फॉर्म आला होता का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!