सायप्रसचा खैऱ्या: रोगकारक बुरशी ओळखायची कशी?

इटलीतील तस्कनी प्रांताचे निसर्गचित्र सायप्रसच्या उंच, निमुळत्या रांगांवाचून पूर्ण होत नाही. फारसीत 'सर्व' म्हणून ओळखला जाणारा हा सूचिपर्णी वृक्ष ताजमहालाच्या उद्यानातही आढळतो. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरू मात्र निराळा. तो सपुष्प वनस्पतींच्या गटातील आहे. गेल्या शतकात सायप्रसला एका रोगाने ग्रासले. शास्त्रज्ञ त्याला 'कँकर' म्हणतात. लिंबावरील कँकर आपल्याकडे 'खैऱ्या' म्हणून परिचित आहे, परंतु तो जिवाणूमुळे होतो, तर सायप्रसवरील कँकर बुरशीमुळे. ही बुरशी नेमकी कोणती, हा प्रश्न सोडविण्यास संशोधकांना अनेक दशके लागली.

या रोगाची पहिली नोंद अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील आहे. विलिस वॅगनर यांनी १९२८ मध्ये तेथील माँटेरे सायप्रसवरील रोगाची माहिती प्रसिद्ध केली आणि १९३९ मध्ये बुरशीला 'कोरिनियम कार्डिनेल' हे नाव दिले. १९७२ पासून ती 'सिरिडियम कार्डिनेल' या नावाने ओळखली जाते. १९४० च्या दशकात ती फ्रान्समध्ये, तर १९५१ मध्ये इटलीत आढळली. भूमध्य सागराच्या परिसरातील बुरशीचे मूळ कॅलिफोर्नियातच असल्याचे पुढे जनुकीय अभ्यासांतून दिसून आले.

लक्षणे

साल फुटलेल्या किंवा दुखावलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. तेथील साल तांबूस होऊन खोलगट होते, चिरते आणि तिच्यातून राळ पाझरू लागते. हा व्रण फांदीला वेढा घालतो, तेव्हा त्यापुढचा भाग पिवळा, मग तपकिरी पडून वाळतो. खोडाला वेढा पडल्यास वरचा संपूर्ण शेंडाच मरतो. पाण्याचा ताण किंवा मावा यांमुळेही फांद्या तपकिरी पडतात. त्यामुळे केवळ रंगावरून निदान करणे धोक्याचे ठरते. व्रणाच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले, तर संशय बळावतो. बुरशीचे बीजाणू याच ठिपक्यांत तयार होतात. पावसाचे थेंब, कीटक आणि छाटणीची अवजारे यांच्यामार्फत ते पसरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली

प्रयोगशाळेत व्रणाच्या कडेची साल निर्जंतुक करून बटाट्याच्या अर्काच्या माध्यमावर ठेवतात आणि वाढलेल्या बुरशीचे बीजाणू तपासतात. सिरिडियमचा बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा असतो. त्याच्या सहा पेशींपैकी मधल्या चार तपकिरी, तर टोकाच्या दोन रंगहीन असतात. कार्डिनेल जातीच्या टोकांना शेपटीसारखे उपांग नसते, किंवा असलेच तर ते अत्यंत आखूड असते. 'कुप्रेसी' आणि 'युनिकॉर्न' या जातींत मात्र ते स्पष्ट दिसते. मेलेल्या सालीवर 'पेस्टालोटिओप्सिस' ही दुर्बल बुरशीही अनेकदा सापडते. तिचा बीजाणू पाच पेशींचा असून एका टोकाला बहुधा दोन ते चार उपांगे असतात. तिलाच दोषी ठरविले, तर खरा रोगकारक सुटून जातो.

उपांगांची लांबी आणि वळण यांत मात्र बराच फरक पडतो. त्यामुळे या तीन जाती स्वतंत्र आहेत की एकाच जातीची ही रूपे आहेत, असा वाद १९९० च्या दशकात रंगला. २००१ मध्ये बीटा-ट्यूब्युलिन व हिस्टोन या प्रथिनांच्या जनुकांच्या तुलनेतून त्या वेगळ्या असल्याचे दिसून आले. २००४ मध्ये डीएनएवर आधारित जलद चाचणीही प्रसिद्ध झाली. २०१८ च्या सविस्तर अभ्यासाने या गटात आणखी काही नव्या जातींची भर घातली.

नावाचे मोल

हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. केनियात माँटेरे सायप्रसची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली होती. कँकरमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास ती सोडून द्यावी लागली आणि तिची जागा मेक्सिकन सायप्रसने घेतली. सर्व जाती सारख्या घातक नाहीत. कार्डिनेल सर्वाधिक विध्वंसक मानली जाते. रोपांची प्रतिकारशक्ती पारखताना त्यांना मुद्दाम बुरशीची लागण करतात. ती भलत्याच जातीची असेल, तर वर्षानुवर्षांचे श्रम वाया जातात. इटलीत अशाच पारखीतून 'बोल्गेरी'सारखी प्रतिकारक्षम वाणे पुढे आली.

व्रण झालेले झाड पूर्णपणे बरे करणारे औषध उपलब्ध नाही. रोगट फांदी व्रणाच्या बरीच खाली, कोरड्या हवेत कापून जाळणे आणि अवजारे निर्जंतुक करणे, हाच मुख्य उपाय आहे. नव्या लागवडीत मात्र योग्य वाण निवडता येते. परंतु त्या भागात कोणती बुरशी आहे, हे आधी नेमके ठाऊक असावे लागते.