साफीच्या शिकवणीचा दुसरा विद्यार्थी

मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक विज्ञान कादंबरीची सुरुवात इथूनच धरतात. पात्रांचा विषय निघाला की सगळे व्हिक्टर आणि त्याने घडवलेल्या प्राण्याबद्दल बोलतात. मला मात्र खरी जोडी वेगळीच वाटते: तो प्राणी आणि साफी.

साफी तुर्क व्यापाऱ्याची मुलगी, आई ख्रिस्ती अरब. फेलिक्सवरच्या प्रेमापोटी ती जर्मनीतल्या त्याच्या गरीब घरी येते. त्या घराची भाषा तिला येत नाही. फेलिक्स व्होल्नेचं पुस्तक घेऊन तिला शिकवू लागतो. भिंतीला लागून असलेल्या खोपटात लपलेला प्राणी तोच धडा ऐकतो आणि तिच्यापेक्षा लवकर शिकतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची दैना ऐकून दोघंही रडतात, ती आत, हा बाहेर.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. धडा एकाला समजावत असावं आणि तो मागच्या बाकावरच्या भलत्याच मुलाला पाठ व्हावा, हे रोजचं आहे. म्हणूनच हा प्रसंग मला पटतो.

दोघंही परके, दोघांची तालीम एकच. पण तिला घर मिळतं आणि त्याला फेलिक्सची काठी. फेलिक्सचे आंधळे वडील तेवढे त्याच्याशी माणसासारखं बोलतात. त्यांना त्याचा चेहरा दिसत नाही ना!

साफीच्या वडिलांपाशी मात्र मी अडखळते. पॅरिसमध्ये त्यांना मृत्युदंड होतो, तेव्हा शेली स्पष्ट सांगते की खरं कारण गुन्हा नव्हे, त्यांचा धर्म आणि पैसा. विशीही न गाठलेल्या मुलीने हे लिहिलं, याचं मला कौतुक आहे. पण पुढे फेलिक्स त्यांना तुरुंगातून सोडवतो, त्यापायी त्याचं कुटुंब देशोधडीला लागतं आणि हे गृहस्थ मुलगी देण्याचा शब्द फिरवतात. म्हणजे शेवटी तोच ठरीव दगाबाज तुर्क! त्यांना नावसुद्धा नाही. प्रेतांच्या तुकड्यांतून जोडलेल्या प्राण्याला कैफियत मांडायला शेलीने प्रकरणंच्या प्रकरणं दिली. या बापाची बाजू मात्र कुणी विचारली नाही.

आपली हकिकत खरी आहे हे पटवायला तो प्राणी व्हिक्टरला साफीच्या पत्रांच्या नकला देतो. वाचकाला ती पत्रं कादंबरीत कुठेच वाचायला मिळत नाहीत.