‘ध’चा ‘मा’

इतिहासांतील बहुतेक प्रसंग बखरींत व दप्तरांत पडून राहतात. परंतु कांहीं थोडे नित्याच्या बोलण्यांत उतरतात, आणि ज्यांनीं इतिहासाचें एक पानहि उलटलेलें नाहीं अशांच्याहि तोंडीं रुळतात. अटकेपार झेंडा लावणें, पानिपत होणें, हे वाक्प्रचार याच जातीचे. मात्र भाषेची स्मरणशक्ति जितकी दांडगी, तितकीच ती एकांगीहि असते. पानिपतचा संहार सन १७६१ चा; त्यानंतर दहाच वर्षांनीं, सन १७७१ मध्यें, मराठी फौजांनीं दिल्ली पुनः हस्तगत केली. तरी ‘पानिपत’ म्हणतांच आपणांस धूळधाण तेवढी आठवते. मागाहूनचें सावरणें आठवत नाहीं.

हा एकांगीपणा ‘ध’चा ‘मा’ करणें या वाक्प्रचारांत तर एका व्यक्तीस फारच जाचक झाला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. रघुनाथरावांनीं ‘धरावें’ असें लिहिलें व आनंदीबाईंनीं त्याचें ‘मारावें’ केलें, ही कथा घरोघर ठाऊक आहे. परंतु अशी खाडाखोड असलेला कागद आजवर पुढें आलेला नाहीं. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशीअंतीं दोष ठेविला तो रघुनाथरावांवर. थकलेल्या पगारामुळें चिडलेले गारदी, वाड्याच्या बंदोबस्तांतील ढिलाई, नजरकैदेंत कुढत बसलेला सत्ताकांक्षी चुलता, इतकीं कारणें समोर असतां लोकांनीं सारें पाप एका स्त्रीच्या लेखणीवर घातलें. याचें कारण उघड आहे. राजकारणाचा गुंता बोलण्यांत मावत नाहीं. एक अक्षर सहज मावतें.

आनंदीबाई सन १७९४ मध्यें वारल्या. त्या सर्वस्वीं निर्दोष होत्या, असें प्रतिपादण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु संशय आणि सिद्ध अपराध यांत अंतर आहे, आणि हें अंतर वाक्प्रचारानें पुसून टाकलें आहे. वाक्प्रचार सुटसुटीत व अर्थवाही आहे. तो टाकून द्यावा असें कोणी म्हणणार नाहीं. मुलांस तो शिकवितांना मात्र, ही लोकांत चालत आलेली कथा आहे, चौकशीचा निकाल नव्हे, एवढें सांगणें प्रत्येक सुशिक्षित घराचें कर्तव्य आहे. मृतांस आपली बाजू मांडतां येत नाहीं. म्हणून त्यांच्याविषयीं बोलतांना जिवंतांनींच अधिक जपून बोलावें.