पाणी सांध्यातून शिरतं

इतिहासाच्या आजच्या भागात आपण समुद्रावर जाणार आहोत. तुम्ही म्हणाल, दौंड-शिरूरच्या बायकांचा समुद्राशी काय संबंध? आपल्याकडे भीमा आहे, घोड नदी आहे, आणि होड्या पाहायच्या तर उजनीच्या फुगवट्यातल्या मासेमारीच्या. पण होडीची आणि आपल्या घराची एक काळजी सारखीच असते. पाणी बाहेर ठेवायचं कसं?

आपल्यातल्या मोठ्या बायकांना माळवदाची घरं आठवत असतील. मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची, चोपायची, उतार नीट करायचा. तरी एखादा कोपरा गळायचाच. जिथे भिंत आणि छत भेटतं, तिथेच बहुतेक वेळा ओल दिसायची. आता स्लॅब आला, सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. तरीही वळवाच्या पहिल्या सरीला पाणी येतं ते चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून. काचेतून पाणी येत नाही, विटेतूनही सहसा येत नाही. दोन वेगळ्या वस्तू जिथे जोडल्या, तिथून येतं. होडी बांधणाऱ्यांनी ही गोष्ट शेकडो वर्षांपूर्वी ओळखली होती.

आपल्या कोकणपट्टीवर जहाजं बांधायची कला फार जुनी आहे. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली, हे आपण शाळेत शिकलो. लढाया शिकलो, किल्ले शिकलो. पण त्या गलबतांच्या फळ्यांमध्ये पाणी का शिरत नव्हतं, हे कुणी शिकवलं नाही. लाकूड उन्हात आक्रसतं आणि पाण्यात फुगतं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की फळ्या सुकून त्यांच्यामधल्या फटा उघडतात. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जायच्या आधी प्रत्येक फट तपासायची, जुना कुजका भराव खरवडून काढायचा, कापसाचा पिळा ठोकून बसवायचा आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा. दरवर्षी हे करावंच लागे. एक वर्ष आळस केला, तर भर समुद्रात बादल्यांनी पाणी उपसायची वेळ.

सुरतेच्या कारागिरांची आणखी एक युक्ती प्रसिद्ध होती. ते फळीच्या काठाला खाच पाडत आणि दुसरी फळी त्या खाचेत बसवत. नुसती फळीला फळी टेकवण्यापेक्षा हा सांधा कितीतरी घट्ट. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरलं. त्याच हिवाळ्यात, 1 जानेवारी 1818 रोजी, आपल्या शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमाची लढाई झाली, म्हणजे काळ लक्षात येईल. ते जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी पाण्यावर उभं आहे. बांधणाऱ्या जमशेटजी वाडियांचं नाव इतिहासात आहे. फटांमध्ये कापूस ठोकणाऱ्या माणसांची नावं मात्र कुठे वाचायला मिळत नाहीत.

त्या काळच्या साध्या गलबतांना काचेच्या खिडक्या नसायच्या. मोठ्या जहाजांना मागच्या बाजूला खिडक्या असत, आणि वादळ आलं की त्यांवर लाकडी झडपा लावत. आजच्या शिडाच्या होडीत मात्र खलाशी जिथे झोपतो, स्वयंपाक करतो, नकाशा पाहतो, त्या केबिनला खिडक्या असतातच. उजेड हवा, बाहेरचं दिसायला हवं. पण खिडकी म्हणजे होडीच्या अंगाला पाडलेलं भोक, आणि भोक आलं की सांधा आला.

आता ‘तारिणी’ची गोष्ट सांगते. आयएनएसव्ही तारिणी ही भारतीय नौदलाची 56 फुटी शिडाची होडी. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. त्यांनीच आधी ‘म्हादेई’ बांधली होती. म्हादेईवरून दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांनीच पुढे तारिणीवर जाणाऱ्या बायकांना शिकवलं. फेब्रुवारी 2017 मध्ये तारिणी नौदलात आली, आणि 10 सप्टेंबर 2017 रोजी सहा महिला अधिकारी तिच्यावरून गोव्याहून जगाला फेरी मारायला निघाल्या. प्रमुख होत्या लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी. आडनावावरून आपल्याकडच्या वाटतील, पण त्या उत्तराखंडच्या. बरोबर प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं, दक्षिण आफ्रिका असे त्यांचे मुक्काम ठरलेले होते. मुक्काम फिरायला नव्हते. शिधा भरायचा आणि होडीची दुरुस्ती करायची, यासाठी होते. सात मीटरपर्यंतच्या लाटा त्यांनी पाहिल्या. सात मीटर म्हणजे आपलं दुमजली घर. अशी लाट केबिनवर आदळते तेव्हा खिडकीच्या सांध्यावर केवढा जोर येत असेल! शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबून ती नीट करावी लागली. मग 21 मे 2018 रोजी त्या गोव्यात परतल्या. एकूण 21,600 सागरी मैल, म्हणजे सुमारे 40,000 किलोमीटर.

पुढे 2 ऑक्टोबर 2024 रोजी तीच तारिणी पुन्हा निघाली. या वेळी दोघीच होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. 29 मे 2025 रोजी त्या परत आल्या. होडी तीच, पण सात-आठ वर्षं जुनी झालेली. नवी होडी कारागिराच्या हातावर चालते, जुनी होडी तिला सांभाळणाऱ्यांच्या हातावर. खोल समुद्रात मिस्त्रीला फोन करता येत नाही. जे शिवायचं, जोडायचं, भरायचं, ते स्वतःच.

अशा जुन्या होडीची गळकी खिडकी नीट करतात कशी, ते ऐका. आपल्या घरालाही उपयोगी पडेल.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचं. पाणी आत दिसतं एका ठिकाणी आणि शिरलेलं असतं भलत्याच ठिकाणी, कारण ते आतल्या आत ओघळत जातं. म्हणून बाहेरून पाण्याची नळी धरतात, तीही खालून वर. आधी खालची कड भिजवायची, थांबायचं, मग बाजूची, शेवटी वरची. ज्या कडेला पाणी धरल्यावर आत थेंब येतो, तो चोर.

मग खिडकी सगळी काढायची. इथेच माणसं कंटाळतात. जुन्या भरावावरच नवा थर मारून देतात. तो महिना-दोन महिने टिकतो, कारण नवा मसाला जुन्यावर नीट धरत नाही, आणि आत कोंडलेलं पाणी लाकूड कुजवत राहतं. जुनं सगळं खरवडायचं, पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. निम्म्याहून जास्त वेळ या सफाईतच जातो.

होडीच्या खिडकीला बहुधा ॲक्रिलिकची, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची काच असते. ती उन्हाने पसरते आणि थंडीत आक्रसते. म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवतात, नाहीतर काचेला तडे जातात. मधे भरतात तो मसाला रबरासारखा लवचीक असतो. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे बंदुकीने नळीतून भरतात, त्याच जातीचा. पण कुठलाही चालत नाही. काही मसाले ॲक्रिलिकलाच खातात, म्हणून डबीवरचं वाचून घ्यायचं. आणि एक महत्त्वाचं: स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. आवळले की मसाला सगळा बाहेर येतो, सांध्यात काहीच उरत नाही. हलके बसवायचे, मसाला सुकू द्यायचा, मग बेताने कसायचे. सांधा घट्ट राहतो तो मधे थोडी लवचीक जागा ठेवल्यामुळे. कापसाचा पिळा हेच काम करायचा.

हा खर्च आणि ही मेहनत एकदाच करून भागत नाही. ऊन मसाल्याला काही वर्षांत कडक करतं, मग पुन्हा खरवडणं आलं. आपण घर बांधायला पैसे उभे करतो, पण घर राखायला बाजूला काही ठेवत नाही. मग एका पावसात ज्वारीच्या पोत्याला बुरशी लागते आणि पोरांची पुस्तकं भिजतात.

तेव्हा येत्या मे महिन्यात, मृगाच्या आधी, गटाच्या बैठकीत एक विषय घ्या. प्रत्येकीने आपल्या घराची एक तरी खिडकी पाण्याची नळी धरून तपासावी, खालून वर. जिच्याकडे गळती सापडेल तिथे दोघी-तिघींनी मिळून खरवडायला बसावं. आणि काम झालं की इतिवृत्ताच्या वहीत लिहा: कुणाचं घर, कुठली खिडकी, कोणी भरली, तारीख काय, खर्च किती. पुढच्या खेपेला कधी भरायची ते त्यावरून कळेल. आणि गोदीत कापूस ठोकणाऱ्यांसारखं आपलं नाव पुसलं जाणार नाही, कारण वही आपल्याच हातात आहे.